पासष्ट रुपयांची खोली: घरमालकाचं स्वातंत्र्य आणि शहराचं हित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गिरगावात आजोबांच्या नावावर तीन मजली चाळ आहे. येणाऱ्या भाड्यातून मालमत्ता कर आणि झाडलोटसुद्धा धड भागत नाही. अर्थशास्त्र शिकताना तुम्हाला वाटू लागलंय की भाडेनियंत्रण म्हणजे मालकाच्या स्वातंत्र्यावर उघड घाला आहे. पण त्याच चाळीत तुम्ही लहानाचे मोठे झालात, आणि उद्या बाजारभावाने भाडं लावलं तर तळमजल्यावरच्या काकू कुठे जातील हेही तुम्हाला सुचत नाही. राजकारणाने यातलं काहीतरी एक ठामपणे निवडावं की नाही, मधला मार्ग म्हणजे निव्वळ पळवाट नाही का, असं तुम्ही विचारलंय.

मी एकतीस वर्षं मुंबईच्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे घरमालक-भाडेकरूंचे दावे चालतात तिथे, वकिली करतोय. मालकांचीही वकीलपत्रं घेतली आणि भाडेकरूंचीही, त्यामुळे दोन्हीकडची कपाटं उघडून पाहिली आहेत. माझं मत आधीच सांगतो. भाडेनियंत्रण आणणं ही चूक नव्हती. ते न तपासता तसंच ठेवणं आणि त्याचा खर्च एकाच माणसाच्या खिशातून काढणं, या दोन चुका झाल्या. स्वातंत्र्य की लोकहित, असा प्रश्न विचारला की या दोन्ही चुका नजरेआड होतात.

हा कायदा मुळात आला कशासाठी, ते पाहू. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत महागाई भडकली, बांधकामं थंडावली आणि माणसं मात्र येतच राहिली. मालक दर महिन्याला भाडं वाढवू लागले, नाहीतर खोली खाली करा म्हणू लागले. 1918 साली सरकारने भाड्यावर पहिला निर्बंध आणला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी 1939 आणि 1944 मध्ये पुन्हा कायदे झाले. मग फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले, आणि 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. ज्या शहरात रातोरात घर बांधता येत नाही, तिथे घर ही रोजच्या बाजारातल्या वस्तूसारखी राहत नाही. कांदा महागला तर माणूस दोन आठवडे कांद्याशिवाय जेवू शकतो, पण खोली महागली म्हणून दोन आठवडे फूटपाथवर संसार मांडता येत नाही. अशा वेळी सरकारने हात घातला नसता तर ते सरकारच म्हणवलं नसतं. त्या काळी मी असतो तर त्या कायद्याच्या बाजूनेच उभा राहिलो असतो.

पण कायदा करताना ठरलं की 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं धरायचं. कायदा तात्पुरता होता, त्याला मुदत होती. ती संपत आली की विधिमंडळ मुदतवाढ द्यायचं. पुन्हा संपत आली की पुन्हा. असं पन्नास वर्षं चाललं. दर वेळी मुदत वाढली, पण 1940 चा आकडा जिथल्या तिथे राहिला. युद्ध संपलं, निर्वासित स्थिरावले, रुपयाची किंमत कुठच्या कुठे गेली. आपत्तीतली मलमपट्टी कुणी सोडलीच नाही, आणि खाली जखम चिघळत गेली.

आकड्यात सांगतो. माझ्याकडे आलेल्या एका चाळीत 48 खोल्या होत्या आणि सरासरी भाडं 65 रुपये. महिन्याचे झाले 3,120, वर्षाचे 37,440. यातून पंपाचं वीजबिल, झाडूवाल्याचा पगार, संडासाच्या टाक्या आणि पालिकेचा कर भरायचा. पावसाळ्यापूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं म्हटलं की कंत्राटदार जो आकडा सांगायचा, तो कित्येक वर्षांच्या भाड्याइतका असायचा. मग मालक काय करणार? दुरुस्ती थांबवणार. भाडेकरू म्हणायचे, मालक हरामखोर आहे. मालक म्हणायचा, भाडेकरू फुकटे आहेत. तुळई मात्र कुणाची बाजू न घेता कुजत राहायची.

साठच्या दशकात शहरात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा सरकारला हे उमगलं. बेडेकर समितीच्या अहवालानंतर 1969 साली कायदा झाला, दुरुस्ती मंडळ स्थापन झालं, आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. म्हणून त्यांना उपकरप्राप्त किंवा सेसच्या इमारती म्हणतात. सुरुवातीला अशा इमारती 19,642 होत्या. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या 'अ' वर्गात, 1950 च्या अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात, आणि 30 सप्टेंबर 1969 पर्यंतच्या 'क' वर्गात. पुढे हे मंडळ म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, छत्राखाली गेलं. हे पाऊल मला महत्त्वाचं वाटतं, कारण भाडेनियंत्रणाचा खर्च कुणीतरी उचलायला हवा हे सरकारने पहिल्यांदाच कबूल केलं. पण दर चौरस मीटरमागे दुरुस्तीला खर्चाची मर्यादा घातली गेली, आणि ती नेहमी गरजेच्या मागे धावत राहिली. म्हणून दक्षिण मुंबईत आजही गॅलरीखाली लाकडी टेकू दिसतात. तात्पुरते म्हणून लावलेले टेकू दोन-दोन पिढ्या तसेच उभे आहेत.

आता पागडीकडे येतो, कारण हा भाग अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. भाडं गोठवलं की बाजार थांबत नाही, तो दुसऱ्या दाराने आत येतो. नवा भाडेकरू मालकाला एकरकमी पागडी द्यायचा आणि पुढे नाममात्र भाडं भरायचा. त्याला खोली सोडायची असली की तो नवीन माणसाकडून पागडी घ्यायचा आणि त्यातला ठरलेला वाटा मालकाला द्यायचा. हा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. मग मालक नव्या माणसाच्या नावे भाडेपावती फाडतो. ती पावती हाच सगळा जीव. कित्येक दशकं हा सगळा व्यवहार बेकायदेशीर होता आणि तरीही शहरातली लाखो कुटुंबं त्याच्यावर जगत होती. 1999 च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने शेवटी त्याला मान्यता दिली.

यातून काय झालं ते नीट पाहा. ज्याने 1975 साली बायकोचे दागिने विकून पागडी भरली, तो स्वतःला भाडेकरू समजत नाही. त्याच्या लेखी ती खोली त्याचीच आहे. आणि ज्या मालकाने ती पागडी घेतली, त्याचा नातू आज म्हणतो की आमच्या मालमत्तेवर परके बसलेत. आजोबांनी घेतलेली ती रक्कम कुठल्याच हिशेबात येत नाही, कारण तिची पावतीच नव्हती. तुमच्या चाळीत कुणी किती पागडी दिली, हे आजोबांना शांतपणे एकदा विचारा. मालकाचं स्वातंत्र्य हिरावलं गेलं हे अर्धं खरं आहे. त्या स्वातंत्र्याचा काही भाग रोख घेऊन विकला गेला होता, हे उरलेलं अर्धं.

दुसरी एक तारीख वकिली करणाऱ्या कुणालाच विसरता येत नाही: 1 फेब्रुवारी 1973. भाडेनियंत्रण चुकवायला मालक 'भाडेकरू' हा शब्द टाळून 'परवानाधारक' म्हणून माणूस ठेवू लागले होते. सरकारने कायद्यात दुरुस्ती केली आणि त्या दिवशी जो कुणी चालू परवान्यावर राहत होता, त्याला कायद्याने भाडेकरू करून टाकलं. त्या दिवशी ज्यांना छप्पर मिळालं त्यांच्यासाठी हे लोकहितच होतं. पण शहरातल्या प्रत्येक मालकाने यातून एकच धडा घेतला: घर कुणाला द्यायचंच नाही. मी वकिली सुरू केली तेव्हा दादर-शिवाजी पार्कात वर्षानुवर्षं कुलूपबंद असलेली घरं मला माहीत होती. मालक परदेशी किंवा पुण्याला, आणि एकदा माणूस आत घेतला की तो कधीच निघणार नाही ही धास्ती. माझा एक अशील महिन्यातून एकदा येऊन खिडक्या उघडायचा, नळ सोडायचा आणि परत कुलूप लावून जायचा. तेव्हा बाहेर लोक पोटभाड्याने एका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहत होते. ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांच्यातल्या पुढच्या पिढीला त्याच कायद्याने घर नाकारलं. आत असलेल्याला अभय मिळालं आणि बाहेर असलेल्याला दार बंद झालं. लोकहित मोजताना जो अजून रांगेत आहे त्याला मोजायचं राहून जातं, कारण तो त्या मतदारसंघात मतदारही नसतो.

राजकारणाचं गणितही सरळ आहे. एका इमारतीत मालक एक, भाडेकरू चाळीस. मला यात राजकारण्यांना शिव्या द्याव्याशा वाटत नाहीत, लोकशाहीत बहुसंख्यांचं ऐकलं जाणारच. पण म्हणूनच घटनेने मूलभूत हक्क ठेवले. अनुच्छेद 19(1)(छ) व्यवसायाचं स्वातंत्र्य देतो आणि 19(6) सर्वसामान्यांच्या हितासाठी त्यावर 'वाजवी' निर्बंध घालू देतो. सगळी खोच 'वाजवी' या शब्दात आहे. मालमत्तेचा मूलभूत हक्क 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने गेला. अनुच्छेद 300-क मध्ये आता इतकंच उरलं की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही.

वाजवी म्हणजे काय, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात दिलं. न्यायालयाचं म्हणणं असं की एखादी तरतूद केली त्या दिवशी वाजवी असू शकते, पण परिस्थिती बदलल्यावर तीच तरतूद काळाच्या ओघात अवाजवी होते. 1940 च्या पातळीवर भाडं गोठवून ठेवण्याचं तसंच झालंय. कायद्याची मुदत संपतच आली होती आणि सरकार नवा कायदा आणणार होतं, म्हणून न्यायालयाने ती तरतूद रद्द केली नाही. त्या आठवड्यात आमच्या बार रूममध्ये मालकांचे वकील पेढे वाटत होते. मी त्या वेळी तीन भाडेकरूंची बाजू लढवत होतो, आणि तरीही मला वाटलं की निकाल योग्य आहे. कायद्यालाही वय असतं, हे सर्वोच्च पातळीवर कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

नवा कायदा, म्हणजे महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 1999, 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि 1 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेतलं. हे शंभर टक्के बरोबर झालं. फोर्टातल्या मोक्याच्या जागेत मोठी कंपनी चहाच्या बिलाइतक्या भाड्यात बसली होती आणि तिला संरक्षण देण्यात कसलंही लोकहित नव्हतं. उरलेल्यांसाठी वर्षाला 4 टक्के भाडेवाढ आली. ऐकायला बरं वाटतं. 65 रुपयांचे 4 टक्के म्हणजे 2 रुपये 60 पैसे. पंचवीस वर्षं चक्रवाढीने वाढवत नेलं तरी भाडं 173 रुपयांवर पोचतं. दर योग्य असला तरी मूळ आकडाच खोटा असेल, तर शंभर वर्षांतही तो खऱ्याला गाठत नाही. पुढे 2015-16 च्या सुमारास मोठी घरं आणि मोठी दुकानं कायद्याच्या संरक्षणातून वगळण्याचा प्रस्ताव आला, तर विरोध होताच तो मागे घेतला गेला. मोठ्या जागेत राहणारा सधन भाडेकरू आणि दहा बाय बाराच्या खोलीतली विधवा, दोघांना एकाच ढालीआड उभं केलं की मार लागतो विधवेलाच. कारण ती ढाल मग कुणालाच नीट झाकत नाही.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. 1986 साली म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातलं गेलं. 70 टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेने मागणी केली तर इमारत संपादित करून तिला देता येते, आणि मालकाला मोबदला किती, तर मासिक भाड्याच्या शंभर पट. वर सांगितलेल्या 48 खोल्यांच्या चाळीला हिशेब लावा: 3,12,000 रुपये. गिरगावातली जमीन, तीन लाख बारा हजारांत. आधी सरकारने भाडं गोठवलं, मग त्याच गोठवलेल्या भाड्यावरून किंमत ठरवली. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचं वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावं असं सांगणाऱ्या अनुच्छेद 39(ख) चा आधार त्याला दिला गेला. मालकांच्या संघटनेने आव्हान दिलं. प्रकरण वाढत वाढत नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेलं आणि 5 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल लागला. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असं बहुमताने म्हटलं. पण कुठलीच ठरणार नाही असंही म्हटलं नाही. ती वस्तू कशी आहे, तिचा लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होतो, ती किती दुर्मीळ आहे आणि मोजक्या हातांत एकवटली तर काय होईल, हे प्रत्येक वेळी पाहायचं. निकालाची बातमी आली तेव्हा मालक म्हणाले आम्ही जिंकलो. मला तो निकाल अधिक कष्टाचा वाटतो, कारण त्याने घोषणा संपवल्या आणि तपासणी मागितली.

तुम्ही म्हणाल, मग सगळं मोकळं करून टाका. ते प्रत्यक्षात कसं दिसतं, तेही शहरात आहेच. आजचं नवं भाडं म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. अकरा महिने, अनामत रक्कम, मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन कब्जा परत घेऊ शकतो. यामुळे कुलूपबंद घरं उघडली, हे मान्यच करायला हवं. पण अकरा महिन्यांनी मालक म्हणेल ते भाडं द्या नाहीतर निघा. मुलांची शाळा बदला, गॅसचा पत्ता बदला, आधारचा बदला. आडनाव विचारून, मांसाहार करता का विचारून, एकट्या मुलीला लग्न कधी विचारून घर नाकारलं जातं. माझ्या कचेरीतल्या कनिष्ठ वकील मुलीने चार वर्षांत चार घरं बदलली. तिला कायद्यात उत्तर नाही. गिरगावात एकाच भिंतीच्या अलीकडे पासष्ट रुपयांचा जन्मभराचा भाडेकरू असतो आणि पलीकडे हजारो रुपये देऊनही अकरा महिन्यांपलीकडे न पाहू शकणारा. आपण स्वातंत्र्य आणि सुरक्षा यांचा तोल एका घरात कधी साधलाच नाही. एका खोलीत सगळी सुरक्षा कोंबली आणि शेजारच्या खोलीत सगळं स्वातंत्र्य. म्हणून मधला मार्ग म्हणजे पळवाट, हे मला पटत नाही. तो या शहरात अजून कुणी नीट चालून पाहिलेला नाही.

मला विचाराल तर तो असा असावा. संरक्षण जागेला न देता माणसाला, त्याच्या उत्पन्नाकडे पाहून द्यावं. ज्याला खरंच परवडत नाही, त्याच्या भाड्यातला फरक सरकारने मालकाला द्यावा. एखाद्या वृद्धेला बेघर होऊ न देणं ही साऱ्या शहराची जबाबदारी असेल, तर तिची रक्कम साऱ्या शहराने भरावी, एकट्या तुमच्या आजोबांनी का? बाकीच्यांचं भाडं सहा-सात वर्षांत पायरी पायरीने वर न्यावं, आणि वाढीव भाड्यातला ठरावीक भाग इमारतीच्या दुरुस्तीच्याच खात्यात जावा, मालकाच्या खिशात नाही. नव्या भाडेकरूला किमान तीन वर्षं राहण्याची हमी मिळावी आणि कायदा दर दहा वर्षांनी विधिमंडळापुढे आपोआप फेरतपासणीला यावा. याला पैसा लागेल. पण विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) या पुनर्विकासाच्या नियमाखाली वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, देऊन शहर तसंही किंमत मोजतंच आहे. फक्त ती रोख रकमेत न देता उंच मनोरे, तुंबणारी गटारं आणि अपुरं पाणी यांच्या रूपात मोजतं.

उशिराची किंमत काय असते, ते भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवर दिसलं. 31 ऑगस्ट 2017 रोजी हुसैनी इमारत कोसळली, 33 माणसं गेली. ती इमारत पुनर्विकासाच्या यादीत होती, काही कुटुंबं हलली होती, काही अजून आत होती. संमती, करार, संक्रमण शिबिरातली तात्पुरती घरं, न्यायालयाची पुढची तारीख या सगळ्यात जो वेळ जातो, तो इमारत देत नाही. त्या सकाळनंतर मी एक नियम केला: मोडकळीस आलेल्या इमारतीच्या दाव्यात, बाजू कुणाचीही असो, मी निव्वळ लांबवण्यासाठी तारीख मागत नाही.

आता तुमच्या चाळीबद्दल. वादात शिरण्याआधी संरचनात्मक तपासणी करून घ्या आणि अहवाल भाडेकरूंपासून लपवू नका. भाडेपावत्यांची स्थळप्रत काढा, कोण स्वतः राहतं, कोणी पोटभाडेकरू ठेवलाय, कोणाची खोली बंद आहे याची यादी करा. पावती नव्या नावावर करायची अडवून ठेवली असेल तर ती मोकळी करा, कारण अडवलेल्या पावतीइतका कडवटपणा दुसऱ्या कशानेच येत नाही. पुनर्विकासाला आता 51 टक्के संमती पुरते, पण एवढ्यावर थांबू नका. उरलेल्या 49 मधले दहा जण न्यायालयात गेले तरी चार पावसाळे जातात. बिल्डरशी बोलण्यापूर्वी भाडेकरूंशी बोला. कराराचा मसुदा मराठीत करून प्रत्येकाच्या हाती द्या. त्यात संक्रमण काळातलं भाडं आगाऊ बँकेत ठेवण्याची अट घाला, आणि तळमजल्यावरच्या काकूंसाठी नव्या इमारतीतला देखभाल खर्च पहिली दहा वर्षं कुठून येणार तेही लिहा. तीनशे चौरस फुटांचं नवं घर फुकट मिळालं आणि महिन्याचा मेंटेनन्स भरता आला नाही म्हणून विरारला गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यासाठी मालकाच्या वाट्यातून एक कायम ठेव बाजूला काढता येते. आजोबा तयार झाले तर तो मसुदा घेऊन या, मी पाहून देईन.